पहिला क्लाउनफिश घेताय? हॅचरीतला की समुद्रातून पकडलेला, आणि दुकानात नेमकं काय विचारायचं

मरीन टँक लावायचं ठरलं की बहुतेकांच्या डोक्यात पहिला मासा क्लाउनफिशच असतो, आणि ते बरोबरच आहे, कारण खाऱ्या पाण्यातला इतका काटक, थोड्या जागेत रमणारा आणि वर्षानुवर्षं टिकणारा मासा दुसरा सहज मिळत नाही. नीट ठेवला तर १०-१५ वर्षं आरामात जगतो, २० च्या पुढे गेलेलेही आहेत. पण दुकानात "निमो" म्हणून काचेमागे फिरणारा मासा दोन अगदी वेगळ्या वाटांनी तिथे आलेला असू शकतो. एक म्हणजे हॅचरीत अंड्यातून निघालेला, लहानपणापासून काच, फिल्टर आणि पेलेट (खाद्याच्या गोळ्या) बघितलेला. दुसरा म्हणजे इंडोनेशिया किंवा फिलिपिन्सच्या समुद्रात ॲनिमोनमधून (डंखणाऱ्या सोंडांचा समुद्री जीव, ज्यात हा मासा राहतो) उचललेला, मग बोटीवरचा टब, मग गोळा करणाऱ्याचा टँक, मग एक्स्पोर्टर, विमान, चेन्नई किंवा मुंबईचा इम्पोर्टर आणि शेवटी दुकान, आणि या सगळ्या प्रवासात बऱ्याचदा उपाशी. दोघंही केशरी, दोघांवर तीन पांढरे पट्टे, नवख्या माणसाला फरक कळत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नवीन असाल तर फक्त हॅचरीतला, म्हणजे कॅप्टिव्ह ब्रेड घ्या. पण "ब्रेड आहे साहेब" एवढ्या एका वाक्यावर घेऊ नका, कारण हॅचरीतून निघाल्यानंतर तो मासा कुठल्या पाण्यात राहिला यावर पुढचं निम्मं ठरतं. हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

आधी तीन शब्द सरळ करून घ्या

कॅप्टिव्ह ब्रेड म्हणजे आईबाप टँकमध्ये, अंडी टँकमध्ये, पिल्लं टँकमध्ये. वाइल्ड कॉट म्हणजे समुद्रातून पकडलेला. मधला टँक रेज्ड हा शब्द मात्र जपून ऐका, कारण समुद्रातून लहान पिल्लू पकडून काही महिने टँकमध्ये वाढवलं तरी त्याला टँक रेज्ड म्हणतात. दुकानदार कधी मुद्दाम आणि बऱ्याचदा न कळून हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. म्हणून "टँक रेज्ड का?" असं न विचारता "अंडी कुठे घातली गेली, कुठल्या हॅचरीत?" असं विचारायचं.

क्लाउनफिश टँकमध्ये वाढवणं ही काही नवी गोष्ट नाही. १९७० च्या दशकात फ्लोरिडात मार्टिन मो यांनी ते धंद्याच्या पातळीवर करून दाखवलं, आज अमेरिकेपासून बालीपर्यंत हॅचऱ्या आहेत. आपल्याकडे सीएमएफआरआय या केंद्रीय संस्थेच्या मंडपम आणि विझिंजम इथल्या केंद्रांनी क्लाउनफिशच्या कितीतरी जाती वाढवून त्याची पद्धत बसवून दिली आहे. लक्षद्वीपच्या आगत्ती बेटावर एनबीएफजीआर या दुसऱ्या केंद्रीय मत्स्यसंस्थेने तिथल्या बायकांना समुद्री शोभिवंत जीव वाढवायला शिकवलं. आणि आपल्या नवी मुंबईत, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही याच संस्थेच्या मदतीने क्लाउनफिशची हॅचरी उभी राहिली आहे. म्हणजे "ब्रेड मिळतच नाही हो इकडे" हे कारण आता चालत नाही, थोडी वाट बघावी लागते इतकंच.

समुद्रातून काढला तर तिकडे काय होतं

हे कळलं की निवड सोपी होते. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात. एका ॲनिमोनमध्ये एक छोटं कुटुंब असतं, त्यात सगळ्यात मोठी ती मादी, दुसऱ्या नंबरचा प्रजनन करणारा नर, आणि बाकीचे लहान मासे नुसते रांगेत. मादी गेली की दुसऱ्या नंबरचा नर हळूहळू मादी होतो आणि रांगेतला पुढचा त्याची जागा घेतो. आता गंमत अशी की बाजारात जास्त भाव कशाला, तर "बाँडेड पेअर"ला, म्हणजे नेमकी अंडी घालणारी जोडीच उचलली जाते आणि मागे राहिलेल्या पिल्लांना वाढून त्या जागेवर यायला खूप वेळ लागतो. शिवाय हा मासा ॲनिमोन सोडून लांब पळत नाही, त्यामुळे पकडणाऱ्याला एकदा जागा कळली की तो ती पूर्ण रिकामी करू शकतो. अंड्यातून निघालेली पिल्लं दहाबारा दिवस उघड्या समुद्रात वाहत फिरतात आणि त्यातली फारच थोडी परत एखाद्या ॲनिमोनपर्यंत पोचतात, म्हणजे भरपाई पटकन होणारी नाही.

सायनाइडबद्दल लोक विचारतात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून आणि पुढे इंडोनेशियातही शोभिवंत मासे गुंगवून पकडायला सोडियम सायनाइड वापरलं गेलं, कायद्याने बंदी असूनही. क्लाउनफिश तसा साध्या जाळीतही येतो, त्यामुळे प्रत्येक वाइल्ड क्लाउन सायनाइडचाच असं मी म्हणणार नाही. पण दुकानात उभं राहून तुम्हाला ते ओळखता येत नाही. मासा वरून ठणठणीत दिसतो, खातोसुद्धा, आणि घरी आणल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जातो, आणि नवखा माणूस आपलं पाणी, आपलं मीठ, आपला फिल्टर यालाच दोष देत बसतो.

ब्रूक, म्हणजे वाइल्ड क्लाउनची मुख्य भीती

ब्रूकलिनेला नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे, हॉबीतले लोक नुसतं ब्रूक म्हणतात. समुद्रातून आलेल्या क्लाउनफिशमध्ये तो इतका दिसतो की त्याला क्लाउनफिश डिसीज असंच नाव पडलं आहे. लक्षणं ओळखायला शिका: अंगावर पांढरट चिकट थर, जणू कातडी सोलून निघतेय, जोरजोरात श्वास, पृष्ठभागाशी किंवा पंपाच्या धारेत तोंड धरून राहणं, खाणं बंद. काही तासांत ते एकदोन दिवसांत मासा जाऊ शकतो, म्हणजे "उद्या बघू" म्हणायला वेळच नसतो. तांब्याचं औषध याला लागू पडत नाही, ते इक आणि व्हेल्व्हेट या दुसऱ्या परजीवींच्या आजारांसाठी. ब्रूकला फॉर्मालिनचा बाथ द्यावा लागतो, वेगळ्या भांड्यात, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेने, एअरस्टोन जोरात चालू ठेवून कारण फॉर्मालिनने पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. आणि फॉर्मालिन माणसालाही विषारी आहे, ग्लोव्हज घाला, खिडकी उघडा, घरात लहान मुलं असतील तर बाटली कुलुपात. पहिल्यांदाच मरीन करणाऱ्याने हे सगळं पहिल्या आठवड्यात का म्हणून करावं.

पण ब्रेड मासासुद्धा कुठे राहिला ते बघा

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी कोणी सांगत नाही. दुकानात एका ओळीत वीसपंचवीस छोटे टँक असतात आणि खाली एकच सम्प (फिल्टरचा टँक), म्हणजे पाणी सगळ्यांचं एक. वरच्या टँकमध्ये हॅचरीचा ओसेलारिस जातीचा क्लाउन, शेजारी कालच विमानातून उतरलेला वाइल्ड टँग (दुसरा एक मरीन मासा) आणि त्याच्या शेजारी वाइल्ड क्लाउन. हॅचरीतल्या माशाने आयुष्यात इक, व्हेल्व्हेट, ब्रूक काही बघितलेलं नसतं, त्यामुळे त्याच्या अंगात त्याविरुद्ध काही तयारी नसते, आणि तो चार दिवस त्या पाण्यात राहिला की तुम्ही ब्रेडचे पैसे देऊन वाइल्डचा आजार घरी घेऊन येता. म्हणून शक्य असेल तर हॅचरीतून थेट मागवा, किंवा दुकानदाराला सांगा की लॉट आला की पिशवी न फोडता मला द्या, ॲडव्हान्स देतो. ओळखीचा दुकानदार असेल तर ऐकतो. एखाद्या हॉबीवाल्याने घरीच पिल्लं वाढवली असतील तर त्याच्याइतकं चांगलं ठिकाण नाही, पिल्लांचे आईबाप तुम्ही डोळ्यांनी बघू शकता.

पायरी एक: मासा नंतर, पाणी आधी

जोडीसाठी साधारण १०० लिटरचा टँक धरा, ७५ लिटरमध्येही जमतं पण पाणी जितकं जास्त तितकी चूक पचते. मीठ मरीन सॉल्ट मिक्सच, किचनमधलं किंवा गोड्या पाण्याच्या टँकचं ॲक्वेरियम सॉल्ट नाही. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, पण मोजमाप रिफ्रॅक्टोमीटरनेच (खारटपणा मोजायचं उपकरण) करा, घनता १.०२५ च्या आसपास. पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे विरघळलेले क्षार काढून टाकलेलं. घरातल्या प्यायच्या आरओमध्ये बऱ्याचदा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर असतो जो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, त्यामुळे टीडीएस मीटर लावून बघितल्याशिवाय ते वापरू नका, बोअरचं किंवा टँकरचं तर नाहीच. आणि जुहू-गिरगावचं समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचा विचारही नको.

टँक सायकल व्हायला, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जीवाणू टँकमध्ये बसायला, साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आल्याशिवाय मासा आणायचा नाही. क्लाउन टाकून सायकल करा असा सल्ला अजूनही काही जण देतात, ते क्रूर आहे आणि गरजेचंही नाही, अमोनियाचे थेंब किंवा थोडं खाद्य घालूनही सायकल होते.

आपल्याकडचा खरा प्रश्न उन्हाळ्याचा. क्लाउनला २५ ते २७ डिग्री छान, आणि एप्रिल-मेमध्ये खोलीतला टँक सहज ३१-३२ वर जातो. पाण्यावर पंखा मारून तापमान उतरतं, पण ते हवा कोरडी असेल तिथे, म्हणजे नागपूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूरकडे पंख्याने चांगलं काम होतं, मुंबई-कोकणात हवाच दमट, तिथे फार उतरत नाही, चिलर किंवा खोलीत एसी धरूनच बजेट करा. पंख्याने पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोजचं कमी झालेलं पाणी भरताना साधं आरओ भरायचं, खारं नाही. लाइट जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा, तो शंभर वेळा उपयोगी पडतो.

दगडांबद्दल एक गोष्ट कायद्याची. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कोणी "लाइव्ह रॉक" (समुद्रातून काढलेला, जीव असलेला दगड) किंवा सुकलेलं कोरल म्हणून स्वस्तात देत असेल तर हात लावू नका. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले रॉक मिळतात, त्यावर जीवाणू तितकेच बसतात.

पायरी दोन: जात ठरवा

पहिल्यांदा ओसेलारिस, दुसरा विचार नको. हॅचरीत सगळ्यात जास्त हाच वाढतो, स्वभाव मवाळ, लहान राहतो. परक्युला दिसायला जवळजवळ तसाच, पट्ट्यांना काळी कड जास्त जाड, थोडा नाजूक. मरून क्लाउन दिसतो राजबिंडा पण मादी मोठी होते आणि टँकमधल्या सगळ्यांवर धावून जाते. क्लार्की आणि सेबे हे आपल्याच मन्नारच्या आखाताच्या बाजूलाही सापडतात, त्यामुळे ते स्वस्तात आणि मोठ्या आकारात दिसले तर पहिला प्रश्न "समुद्रातले का?" हाच विचारा. स्कंक जातीचे, म्हणजे पाठीवर पांढरी रेघ असणारे, बाजारात बहुतेक वाइल्डच असतात आणि प्रवास त्यांना अजिबात सोसत नाही, नवख्यांनी लांब राहा.

डिझायनर क्लाउन, म्हणजे स्नोफ्लेक, पिकासो, प्लॅटिनम, ब्लॅक आइस वगैरे, हे सगळे निवडून प्रजनन करून तयार केलेले, त्यामुळे ते ब्रेड असणार याची जवळपास खात्री. ही एक सोय आहे. पण नात्यातल्या नात्यात प्रजनन फार झालं की पिल्लात खोट येते: कल्ल्याचं झाकण बाहेर वळलेलं, नाक बसकं, जबडा पूर्ण न मिटणारा, अंग आखूड. रंगाकडे बघून भुलू नका, आधी तोंड आणि कल्ले बघा. पट्टा अर्धवट असेल तर मात्र काही बिघडत नाही, तो मासा निरोगी असतो आणि कधीकधी स्वस्तही मिळतो, मला तर असे आवडतात.

पायरी तीन: दुकानात

विचारा: कुठल्या हॅचरीचा, कधी आला, सम्प सगळ्या टँकना एकच का, त्यात तांब्याचं औषध चालू आहे का, आणि काय खातो. मग म्हणा, "जरा खायला घालून दाखवता का?" हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. हॅचरीचा मासा माणूस दिसला की काचेशी येतो आणि पेलेट लगेच गिळतो, कारण त्याला तेच माहीत आहे. वाइल्ड बहुतेक मागे कोपऱ्यात, आणि सुरुवातीला पेलेट तोंडात घेऊन थुंकून टाकतो. हा काही शंभर टक्के पुरावा नाही, पण एकाच मापाचे, तीनचार सेंटिमीटरचे पंधरावीस मासे एकत्र पुढे येत असतील तर हॅचरीचा लॉट असण्याची शक्यता चांगली, आणि लहानमोठे सगळे मिसळलेले, फाटके पंख, दबलेले असतील तर समुद्रातला. अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान पिल्लू घेऊ नका, अजून दोन महिने त्याला हॅचरीतच राहू दे.

श्वास बघा, डोळे बघा, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी आहे का बघा, अंगावर थर किंवा पीठ भुरभुरल्यासारखं काही आहे का. आणि फक्त त्याच माशाकडे नाही, त्या ओळीतल्या सगळ्या टँककडे नजर टाका. एकात जरी मेलेला मासा पडलेला असेल तर त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी जा, कुर्ल्यापर्यंत लोकलने आलो म्हणून घेतलाच पाहिजे असं काही नाही. आणि आजारी वाइल्ड क्लाउन दिसला तर दया येऊन घेऊ नका, हे बोलायला जड जातं पण तो विकला गेला की दुकानदार तसाच दुसरा मागवतो.

जोडीसाठी एकाच जातीचे दोन घ्या, एक स्पष्ट मोठा, एक लहान. दोघंही कोवळे असतील तर मोठा मादी होईल, दुसरा नर राहील. सारख्या मापाचे दोन मोठे मासे घेतले तर मारामारी. तीन घेतले तर तिसऱ्याचा जीव जातो.

पायरी चार: घरापर्यंत आणि पाण्यात

पुण्या-नाशिकपुढे न्यायचं असेल तर थर्मोकोलचा डबा, रात्रीचा प्रवास, दुकानदाराला पिशवीत ऑक्सिजन भरायला सांगा आणि आदल्या दिवशी खायला घालू नको म्हणा.

पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं टँकवर तरंगू द्या. मग उघडून घनता मोजा. इथे एक गोष्ट समजून घ्या: बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली जातो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की तो गॅस उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया एकदम जहाल होतो. म्हणून लांबून आलेल्या माशाला दोन-दोन तास ड्रिप लावत, म्हणजे थेंबथेंब टँकचं पाणी पिशवीत सोडत बसू नका. उत्तम म्हणजे क्वारंटाइन टँकचं (नवा मासा आधी वेगळा ठेवायचा टँक, पुढची पायरी बघा) पाणीच आधी पिशवीच्या घनतेला जुळवून ठेवायचं, दुकानदाराला फोन करून विचारता येतं, आणि तापमान जुळलं की मासा सरळ आत. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

पायरी पाच: क्वारंटाइन, ब्रेड असला तरी

४०-५० लिटरचा साधा काचेचा टँक, तळाला काही नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो, हीटर, एअरस्टोन आणि आधीपासून मुख्य टँकच्या सम्पमध्ये ठेवून जीवाणू बसवलेला स्पंज फिल्टर. ब्रेड मासा किमान ३० दिवस, वाइल्ड असेल तर सहा आठवडे. औषधं इथेच द्यायची कारण तांबं मुख्य टँकमध्ये गेलं तर झिंगे, गोगलगायी, कोरल सगळं मरतं. अमोनिया रोज तपासा, पाणी वरचेवर बदला. हा महिना कंटाळवाणा वाटतो हे मला माहीत आहे, पण इक एकदा मुख्य टँकमध्ये घुसला की सगळे मासे बाहेर काढून तो टँक साधारण अडीच महिने माशांशिवाय ठेवावा लागतो, आता ठरवा कुठला कंटाळा परवडतो.

खायला दिवसातून दोनदा थोडं थोडं: चांगलं पेलेट, अधूनमधून फ्रोझन मायसिस (छोटे झिंग्यासारखे जीव). वाइल्ड मासा पदरात आलाच असेल, म्हणजे कोणी भेट दिला किंवा कोणाचा टँक मोडताना तुमच्याकडे आला, तर सुरुवात जिवंत आर्टेमिया (हेही तसेच बारीक जीव) किंवा मायसिसने करा, खायला लागला की त्यात पेलेट मिसळत जा, आणि पहिले दहा दिवस फॉर्मालिन घरात तयार ठेवा. वाइल्ड घ्यायला माझा कायमचा विरोध आहे असं नाही, जो माणूस खरोखर प्रजनन करतो आणि त्याला नवीन रक्त हवंय, त्याने जाळीने पकडलेला, माग काढता येणारा मासा घेणं मी समजू शकतो. पहिल्या टँकसाठी मात्र नाही.

पायरी सहा: मुख्य टँक, आणि ॲनिमोनचा हट्ट

दिवे बंद करून, संध्याकाळी, दोघांना एकत्रच सोडा. पहिले काही दिवस मोठा लहानाला ढोसतो, लहान आडवा होऊन थरथरतो, ते भांडण नाही, शरणागती आहे. पंख फाटायला लागले किंवा लहान कोपऱ्यात अडकून खाईनासा झाला तरच जाळीच्या डब्यात वेगळं करा.

आता ॲनिमोन. क्लाउनफिशला टँकमध्ये ॲनिमोन लागत नाही, कारण तिथे त्याला खाणारं कोणी नसतं. बाजारातले बहुतेक ॲनिमोन समुद्रातूनच आलेले असतात, म्हणजे मासा ब्रेड घेऊन ॲनिमोन वाइल्ड घेतला तर आपण जे टाळायला बघत होतो तेच परत केलं. ॲनिमोनला तगडा लाइट आणि किमान सहा महिने जुना, स्थिर टँक लागतो, पंपात अडकून मेला तर सगळं पाणी नासवतो. घ्यायचाच असेल तर बबल टिप जातीचा, आणि तोही एखाद्या हॉबीवाल्याच्या टँकमध्ये फुटून दोन झालेला. हॅचरीचा मासा त्यात लगेच जाईलच असं नाही, काही आठवडे लागतात, काही कधीच जात नाहीत आणि पंपाच्या शेजारची एखादी जागा धरून तिथेच संसार मांडतात.

जोडी जमली आणि वयात आली की एखाद्या दगडाच्या सपाट बाजूवर केशरी ठिपक्यांसारखी अंडी दिसतील. नर त्यांना पंखाने वारा घालत बसतो, त्या दिवसात हात घातला तर मादी चावते, चावू द्या, फार लागत नाही. साधारण आठवड्याभरात, अंधार पडल्यावर, ती फुटतात. पिल्लं वाढवायची असतील तर रोटिफरचं (पिल्लांचं सूक्ष्म जिवंत खाद्य) कल्चर अंडी दिसायच्या आधीपासून घरात चालू असावं लागतं, नंतर धावपळ करून ते जमत नाही, म्हणून पहिल्या घाण्याला नुसतं बघा आणि रोटिफरची बाटली तेव्हाच सुरू करा, जोडी साधारण दोन-तीन आठवड्यांनी परत अंडी घालतेच.